खेड्यात राहून दातांना तार लावायची तर

दातांना तार लावायची म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न पैशाचा आणि दुसरा 'लोक काय म्हणतील' याचा. 'दाताले तार लावून काय कलेक्टर होते का पोट्टी?' हे मी विशीत ऐकलं आणि आता भाच्याला तार लागली तेव्हा शब्द थोडे बदलून पुन्हा ऐकलं. हे दोन्ही प्रश्न सुटतात. खरा प्रश्न तिसराच आहे आणि तो सहसा कुणी विचारत नाही: पुढची दीड-दोन वर्षं दर महिन्याला त्या डॉक्टरच्या खुर्चीत जाऊन बसणं तुम्हाला जमणार आहे का? तार कोणती आणि ती दिसते किती, हे त्यानंतरचं. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात राहून ही ट्रीटमेंट घेतली. म्हणून दवाखान्यातल्या चकचकीत माहितीपत्रकात जे नसतं ते इथे जास्त सापडेल: एसटी, पाऊस, खर्रा (सुपारी, तंबाखू, चुना घोटून केलेला), बोअरचं पाणी.

१. तार कशासाठी हवी ते आधी ठरवा

दात एकमेकांवर चढलेत आणि ब्रश पोचत नाही. वरचे दात इतके पुढे आहेत की ओठ मिटत नाहीत, पडलं की तेच आधी तुटतात. खालचे दात वरच्या टाळूला टोचतात. चावताना खालचा जबडा वरच्याच्या पुढे येतो. सुळा हिरडीतच अडकलाय. ही सगळी तार लावण्याची चांगली कारणं आहेत. हसताना तोंडावर हात जातो, हेही कारणच आहे. त्याची लाज बाळगू नका.

पण एखादाच दात जरासा वाकडा आहे, घासता येतो, चावता येतं आणि मनाला खुपत नाही, तर नाही लावली तरी चालतं. डॉक्टरांना सरळ विचारा, 'नाही लावली तर काय होईल?' या प्रश्नाचं उत्तर ते कसं देतात यावरून माणूसही कळतो.

दातांवर पिवळे-तपकिरी डाग असतील तर ते तारेने जात नाहीत. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांत बऱ्याच गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, डाग बहुधा त्याचे असतात. अशा दातांवर ब्रॅकेट, म्हणजे तार अडकवायला दातावर चिकटवतात तो छोटा तुकडा, नीट चिकटत नाही, वारंवार निघतं. म्हणून लहानपणी कोणतं पाणी प्यायलं ते पहिल्याच भेटीत सांगा. चिकटवण्याआधीची तयारी डॉक्टर त्या हिशेबाने करतात.

आणि एक घरगुती उपाय मुळीच करू नका. समोरच्या दोन दातांतली फट बुजवायला साधं रबर अडकवून ठेवतात. ते रबर दाताच्या निमुळत्या मुळावरून वर सरकतं, हिरडीत घुसतं, दिसेनासं होतं आणि आतलं हाड खातं. धडधाकट दात यातून हलून पडलेले आहेत.

२. वय काय असावं

वयाच्या ७ व्या वर्षापर्यंत एकदा या विषयाच्या डॉक्टरला दात दाखवावेत, असं अमेरिकेतल्या ऑर्थोडॉन्टिस्टांची, म्हणजे तारेच्या डॉक्टरांची, संघटना सांगते. दाखवायचे म्हणजे लगेच तार लावायची असं नाही. बहुतेक मुलांना 'अजून थांबा' हेच उत्तर मिळतं. पण काही गोष्टी थांबत नाहीत. खालचा जबडा मागे राहिला असेल तर त्याला पुढे आणणारी काढ-घाल करायची साधनं मूल वाढीला लागलेलं असतानाच काम करतात: मुलींना साधारण १० ते १३, मुलांना त्याहून वर्ष-दोन वर्षं उशिरा. उलटा चावा (खालचे दात वरच्यांच्या पुढे) असेल तर त्याहूनही आधी. अंगठा चोखणं, तोंडाने श्वास घेणं या सवयी सुटल्या नाहीत तर तार लावूनही दात परत फिरतात.

वरचा सुळा ११-१२ व्या वर्षी यायला हवा. एका बाजूचा आला आणि दुसऱ्या बाजूचा बराच काळ आलाच नाही, तर 'येईल उशिरा' म्हणून बसू नका, एक्स-रे काढा.

शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं. त्या दिवशी पोराला घरी ठेवू नका. फाटलेला ओठ, टाळू असेल तर पुढचा रस्ता तिथूनच सुरू होतो.

मोठ्या माणसांनाही तार लावता येते, हिरड्या आणि हाड निरोगी हवं. दिवस गेलेले असतील तर एक्स-रे आणि दात काढणं पुढे ढकलतात, त्यामुळे ते आधी सांगा.

३. डॉक्टर कोण आणि किती लांब

बीडीएस म्हणजे दातांचे डॉक्टर. त्यानंतर ३ वर्षांचं एमडीएस 'ऑर्थोडॉन्टिक्स' या विषयात केलेला माणूस म्हणजे तारेचा डॉक्टर. पाटीवर एमडीएस दिसलं म्हणून भुलू नका, विषय कोणता ते वाचा. एमडीएस हिरड्यांचंही असतं, मुलांच्या दातांचंही. महाराष्ट्र राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावलेला असायला हवा. बाजाराच्या दिवशी रस्त्यावर दात बसवून देणाऱ्याकडे या कामासाठी जाणं म्हणजे दात गमावणं.

आपल्यासमोर तीन रस्ते असतात.

तालुक्याचा दवाखाना. तिथले रोजचे डॉक्टर बीडीएस असतात आणि महिन्यातून एक-दोन दिवस शहरातून ऑर्थोडॉन्टिस्ट येतात. हा रस्ता वाईट नाही, उलट लांबच्या गावांसाठी सगळ्यात सोयीचा. पण तीन गोष्टी विचारा. येणाऱ्या डॉक्टरचं नाव काय? कोणत्या वारी येतात? आणि ते यायचे बंद झाले तर माझी केस कोण पुरी करणार? तिसऱ्या प्रश्नावर गोलमोल उत्तर आलं तर पुढे जा.

जिल्ह्याच्या ठिकाणचा ऑर्थोडॉन्टिस्टचा स्वतःचा दवाखाना. महाग, पण जबाबदारी एकाच माणसावर.

दंत महाविद्यालय. नागपूरला मेडिकलच्या, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या, परिसरात शासकीय दंत महाविद्यालय आहे. खासगी महाविद्यालयं वर्ध्याजवळ सावंगी मेघेला, नागपुरात हिंगणा रस्त्याला आणि अमरावतीला आहेत. इथे खर्च बराच कमी. तुमची केस एमडीएस शिकणारा विद्यार्थी करतो आणि वर प्राध्यापकांची नजर असते. कामात खोट नसते, उलट घाई नसल्याने ते बारकाईने होतं. अडचण वेळेची. सकाळी केसपेपर काढायचा, रांगेत बसायचं, दिवस जातो. शिवाय तो विद्यार्थी शेवटच्या वर्षाला असेल तर तुमची तार निघण्याआधी तोच बाहेर पडेल आणि केस दुसऱ्याच्या हाती जाईल. म्हणून सुरुवातीलाच विचारा, 'डॉक्टर, तुम्ही कोणत्या वर्षाला?' पहिल्या वर्षाचा मिळाला तर सोनं.

माझं मत विचाराल तर अंतर आधी बघा. सकाळच्या एसटीने निघून संध्याकाळच्या गाडीने परत येता येईल, एवढ्या टापूतलाच डॉक्टर धरा. नागपूरचा नावाजलेला डॉक्टर तीन महिन्यांतून एकदा गाठण्यापेक्षा दारव्ह्याला किंवा वणीला महिन्याला येणारा बरा. एसटीत बायकांना अर्धं तिकीट लागतं, हे प्रवासखर्च मांडताना लक्षात घ्या.

४. पहिल्या भेटीला काय न्यायचं

- आधार कार्ड. सरकारी किंवा महाविद्यालयाच्या रुग्णालयात जात असाल तर रेशन कार्डही
- दातांचे जुने एक्स-रे आणि चिठ्ठ्या, असतील तर
- सुरू असलेल्या गोळ्यांची पाकिटं, नुसती नावं नव्हे
- सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी झाली असेल तर त्याचं कार्ड
- कशाची ॲलर्जी आहे ते. खोट्या दागिन्यांनी कानाला-गळ्याला खाज सुटत असेल तर तेही
- मूल असेल तर आई-वडलांपैकी एक जण, कारण संमतीची सही लागते

सिकलसेल आपल्या भागात घरोघरी ओळखीचा आहे, तरी दाताच्या डॉक्टरला तो सांगायचं लोकांच्या लक्षात येत नाही. दात काढायची वेळ आली, जंतुसंसर्ग झाला, अंगातलं पाणी कमी झालं, तर त्रास उसळू शकतो. आधी माहीत असेल तर डॉक्टर तयारी करून काम करतात. दागिन्यांच्या खाजेचं कारण निकेल, आणि तारेतही निकेल असतं.

त्या दिवशी दातांचे साचे, फोटो आणि दोन एक्स-रे होतात. एक सगळ्या दातांचा सपाट, त्याला ओपीजी म्हणतात. दुसरा चेहऱ्याचा बाजूने. हे न करता कुणी थेट तार चिकटवायला निघाला तर उठून या. कागदावर 'क्लास वन', 'क्लास टू' असं काही लिहिलेलं दिसेल. वरच्या-खालच्या दाढा एकमेकींवर कशा बसतात त्यावरून केलेली ही वर्गवारी १८९९ मध्ये एडवर्ड अँगल यांनी मांडली, आजही तीच चालते. क्लास टू म्हणजे दुसऱ्या दर्जाचे दात नव्हेत. माझ्या वहिनीला तसं वाटलं होतं.

५. तार कोणती

धातूची घ्या. गावात राहणाऱ्याला माझा हाच सल्ला. ती मजबूत, स्वस्त, आणि ब्रॅकेट निघालं तर कुठल्याही तारेच्या डॉक्टरकडे बसवता येतं.

दाताच्या रंगाची सिरॅमिक तार कमी दिसते, पण ब्रॅकेट ठिसूळ असतं आणि भोवतीची पांढरी रबरं आपल्या हळदीच्या वरणाने आठवड्यात पिवळी होतात. मग ती धातूच्या तारेहून जास्त दिसतात. दातांच्या मागून लावायची तारही असते. महाग, जिभेला टोचणारी आणि ती लावणारे थोडे.

पारदर्शक अलाइनरच्या, म्हणजे तारेऐवजी दातांवर चढवायच्या प्लास्टिकच्या साच्यांच्या, जाहिराती आता मोबाइलवर सारख्या दिसतात. दिवसातले २० ते २२ तास तोंडात, फक्त खाताना आणि घासताना काढायचे. शिस्त असेल आणि केस साधी असेल तर छान काम करतात. पण डॉक्टरने तोंडात न बघता फोटोवरून, पार्सलने येणारे अलाइनर घेऊ नका. अमेरिकेतली स्माइलडायरेक्टक्लब ही अशीच कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली आणि गिऱ्हाइकं अर्ध्या ट्रीटमेंटवर लटकली. कापसाच्या वेचणीत अलाइनर काढून पदराला बांधायचा, पुन्हा धुऊन घालायचा, हे किती दिवस होईल ते तुम्हीच ठरवा.

६. पैसे

खासगीत धातूची तार ढोबळमानाने ₹३०-४० हजारांच्या घरातून पुढे जाते, अलाइनर लाखाच्या आसपास किंवा वर. आकड्यापेक्षा त्यात काय धरलंय ते महत्त्वाचं. कागदावर लिहून घ्या: एक्स-रे आणि साचे, दात काढणं, निघालेलं ब्रॅकेट परत बसवणं, हाडात बसवायचे छोटे स्क्रू लागले तर ते, आणि शेवटचा रिटेनर (तार निघाल्यावर दात जागेवर धरून ठेवणारं साधन). 'सगळं त्यातच आलं' हे तोंडी वाक्य दोन वर्षांनी कुणाला आठवत नाही.

आरोग्य विमा तारेला सहसा पैसे देत नाही, ते सौंदर्याचं काम समजलं जातं.

बहुतेक डॉक्टर हप्ते घेतात. दरमहा सारखी रक्कम ठरवण्याऐवजी मोठा हप्ता दिवाळीनंतर, कापूस-सोयाबीन विकल्यावर, आणि जून-जुलैत कमी, असं बोलून बघा; आपल्या भागातले डॉक्टर हे समजतात. फायनान्स कंपनीची बिनव्याजी ईएमआय घेण्याआधी मात्र एक विचारा: ट्रीटमेंट मधेच थांबली तर हप्ते थांबतात का? बहुधा थांबत नाहीत.

७. 'चार दात काढावे लागतील'

हे ऐकून निम्मी माणसं घरी परततात. जागा नसेल तर सुळ्यामागच्या लहान दाढा, बहुतेकदा चार, काढतात आणि त्या जागेत पुढचे दात मागे घेतात. फट उरत नाही. डोळे अधू होतात, डोकं कमजोर होतं, हे सगळं खोटं. पण दर केसला दात काढावेच लागतात असंही नाही. पटत नसेल तर ओपीजी घेऊन दुसऱ्या ऑर्थोडॉन्टिस्टचं मत घ्या. एक्स-रेची प्रत मागणं तुमचा हक्क आहे.

दात काढणं आणि तार लावणं परीक्षेच्या तोंडावर नको. दहावी-बारावीचं पोर असेल तर सरळ उन्हाळ्यावर टाका.

८. पहिला आठवडा

आधी दाढांच्या फटीत निळी रबरं घालतात, मग दाढांना धातूची कडी, मग ब्रॅकेट आणि तार. लावताना दुखत नाही. दुखायला त्याच संध्याकाळी लागतं, दोन-चार दिवस टिकतं. भात-वरण, मऊ खिचडी, पिठलं, आंबील, दही, केळं यांवर राहा. गोळी डॉक्टरांना विचारून घ्या, सहसा पॅरासिटामॉल पुरते. गाल-ओठ सोलले जातात तिथे डॉक्टरांनी दिलेलं मेण लावा. ते दोन डब्या जास्त मागून आणा, खेड्यातल्या मेडिकलात मिळत नाही. कोमट पाण्यात मीठ टाकून गुळण्या करा.

दात हलल्यासारखे वाटतील. वाटायलाच हवेत. बांध सरकवताना एका बाजूची माती काढून दुसऱ्या बाजूला चढवतात, तसं दाताभोवतीचं हाड एका अंगाने विरघळतं आणि दुसऱ्या अंगाने भरतं. हे काम महिन्याला जेमतेम मिलिमीटरभर होतं. म्हणून दोन महिन्यांचं काम एका महिन्यात होत नाही, कुणी कितीही पैसे घेऊ द्या.

९. खाणं, आणि खर्रा

ब्रॅकेट तुटतात ते दातांनी तोडण्याने. त्यामुळे बराचसा प्रश्न चाकूने सुटतो. पेरू, सफरचंद फोडी करून खा. मक्याचं कणीस सोलून दाणे खा. भाकरी ताजी, वरणात कुस्करून; शिळी कडक भाकरी नको. रोडगे खायचेच असतील तर वरची करपलेली साल बाजूला काढून आतला गाभा तुपात कुस्करा. मटणाची नळी दुसऱ्याला द्या. हुरडा चालतो, पण तो ब्रॅकेटमध्ये इतका भरतो की शेतातच तोंड धुवावं लागतं. ऊस, फुटाणे, बोरं, सुकं खोबरं, चिक्की, कडक तिळाचे लाडू, बर्फ हे तार निघेपर्यंत बंद. संक्रांत दोनदा तरी मधे येतेच, तिळगूळ मऊ करायला सांगा.

संत्र्याला बंदी नाही. खाऊन चूळ भरा, लगेच ब्रश घासू नका. खरा चोर चहा आहे. घरी, शेतात, पाहुण्याकडे, दर थोड्या वेळाने गोड चहा. तारेभोवती साखर दिवसभर राहते आणि तार निघाल्यावर ब्रॅकेटच्या जागेभोवती पांढरे चट्टे दिसतात. ते सहसा पूर्ण जात नाहीत.

खर्रा. यावर गोड बोलण्यात अर्थ नाही. सुपारीने ब्रॅकेट निघतं, तंबाखू-चुन्याने हिरड्या जातात आणि बरीच वर्षं खाणाऱ्याचं तोंड उघडेनासं होतं. तीन बोटं उभी धरून तोंडात जात नसतील तर तारेचा विचार बाजूला ठेवून आधी ते दाखवा, त्यात कर्करोगाचा धोका असतो. खर्रा सुटत नसेल तर तारेवर पैसे घालू नका. भाच्याला मी हेच सांगितलं, आणि त्याच्या बापालाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

१०. घासणं

राखुंडी, मशेरी, कडुलिंबाची काडी बंद. मऊ ब्रश, फ्लोराइडची पेस्ट, तारेखालून फिरवायला बाटली धुवायच्या ब्रशसारखा दिसणारा बारका ब्रश. (ज्यांच्या दातांवर फ्लोराइडचे डाग आहेत त्यांनाही पेस्ट चालते, ती गिळायची नसते.) रात्रीचं घासणं कधीच चुकवू नका. त्याला पाच मिनिटं लागतात. आरशासमोर, दिवा असताना घासा. भारनियमन असेल तर जेवण आधी उरका.

११. मधेच तुटलं तर

ब्रॅकेट सुटून तारेवर फिरत असेल तर घाबरायचं कारण नाही, फोन करा, फोटो पाठवा. टोचणाऱ्या तारेवर मेण लावा. ब्रॅकेट गिळलं गेलं तर ते बहुधा शौचावाटे निघून जातं. पण ठसका थांबत नसेल, श्वास लागत असेल तर थेट रुग्णालय. सुटलेलं ब्रॅकेट फेकू नका, डबीत घालून न्या.

१२. महिन्याची फेरी

सुरुवातीची तार बारीक आणि लवचीक असते, पुढे जाड चौकोनी येते. प्रत्येक पायरी आधीचीवर उभी असते. दोन भेटी चुकल्या की डॉक्टर दात हलवत नाहीत, झालेलं बिघडलेलं सुधारत बसतात. जुलै-ऑगस्टमध्ये नाल्याला पूर येऊन रस्ता बंद होतो, हे डॉक्टरांना आधीच सांगा आणि चावा जुळवायची छोटी रबरं दोन महिन्यांची मागून घ्या. ही रबरं रोज बदलायची, सांगितलं तितके तास घालायची. लवकर व्हावं म्हणून दोन-दोन लावू नका, दाताच्या मुळाला इजा होते.

कामासाठी पुण्या-मुंबईला जायची वेळ आली तर जाण्याआधी साचे, एक्स-रे आणि ट्रीटमेंटचा कागद हातात घ्या. नवा डॉक्टर अर्धी केस घ्यायला तयार होतो, पण कागदाशिवाय नाही.

१३. तार निघाल्यावर

इथे लोक सगळ्यात जास्त फसतात. हाड अजून मऊ असतं, दात जुन्या जागेकडे ओढले जातात. म्हणून रिटेनर: दातांच्या मागे चिकटवलेली बारीक तार, किंवा काढ-घाल करायची पट्टी, किंवा दोन्ही. आधी दिवसरात्र, मग डॉक्टर सांगतील तेव्हा फक्त रात्री, आणि ते रात्रीचं वर्षानुवर्षं. गरम पाण्यात धुऊ नका, वाकडा होतो. कागदात गुंडाळून ताटाशेजारी ठेवू नका; लग्नाच्या पंगतीत पत्रावळीबरोबर गेलेले रिटेनर किती असतील देव जाणे. घट्ट झाकणाची डबी ठेवा, कुत्र्यालाही त्याचा वास आवडतो.

हरवला तर त्याच आठवड्यात फोन करा. नवा करायला परत माप द्यावं लागतं आणि त्याचे पैसे वेगळे असतात.